वायरमनच्या हातात पक्कड, परवाना मात्र दुसऱ्याच्या भिंतीवर
विद्युत ठेकेदार होण्यासाठी लागणारे परवाने, त्यांचा खर्च आणि अडणारी कडी

आपल्या वस्त्यांमध्ये वायरिंगचे काम जाणणारा मुलगा शोधायला लांब जावे लागत नाही. कोणी आयटीआय केलेला असतो, कोणी मामाच्या किंवा चुलत्याच्या हाताखाली शिकलेला. घराला कन्सिल्ड वायरिंग करायची, मोटारीचा स्टार्टर बसवायचा, जयंतीच्या मंडपाची रोषणाई करायची, अशा सगळ्या कामांना हीच मुले धावतात. पण नवीन मीटरसाठी अर्ज भरायची वेळ आली आणि ‘शासनमान्य विद्युत ठेकेदाराची सही आणा’ असे सांगितले गेले, की त्याच मुलाला दुसऱ्या पेठेतल्या कोणा शेठकडे जाऊन सही-शिक्का विकत आणावा लागतो. काम याचे, पैसा थोडा याचा, नाव मात्र शेठचे. आम्ही ज्या वस्त्यांमध्ये काम करतो तिथे हे चित्र इतके नेहमीचे आहे की त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटेनासे झाले आहे.

कसब असूनही आपला मुलगा पन्नाशीपर्यंत ‘हेल्पर’ किंवा ‘मिस्त्री’च का राहतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी कागदांत आहे. हे कागद कोणते, ते कोणत्या क्रमाने मिळतात, खर्च कुठे येतो आणि गाडी नेमकी कुठे अडते, हे महाराष्ट्रापुरते समजून घेऊ.

कायदा काय म्हणतो

वीज जोडणीच्या घरात कोणी काय करावे याचा नियम जुना आहे. भारतीय विद्युत नियम १९५६ मधील नियम ४५ ने तो घालून दिला. पुढे वीज अधिनियम २००३ आला, त्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये सुरक्षाविषयक विनियम केले आणि २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे विनियम आणले. भाषा बदलत गेली, गाभा तोच राहिला. ग्राहकाच्या जागेतील विजेच्या मांडणीचे नवीन काम, वाढीव काम, फेरफार किंवा दुरुस्ती राज्य शासनाचा परवाना असलेल्या ठेकेदारामार्फतच व्हायला हवी. त्या कामावर सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची थेट देखरेख हवी आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे वायरमनचा परवाना हवा.

यातून सूट आहे ती किरकोळ गोष्टींना. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच किंवा २५० व्होल्टपर्यंतचे घरगुती उपकरण बदलणे, तेही मांडणीची क्षमता आणि स्वरूप न बदलता. म्हणजे खराब झालेले बटण बदलणे चालते. पण एसीसाठी नवीन पॉइंट काढणे, वरच्या मजल्यावर नवीन वायर नेणे, गिरणीसाठी थ्री फेज बोर्ड बांधणे ही परवान्याची कामे झाली. आपल्याकडची निम्म्याहून जास्त ‘छोटी कामे’ प्रत्यक्षात या दुसऱ्या गटात मोडतात, हे फार थोड्या जणांना ठाऊक असते.

नियम असा कडक का, हेही लक्षात घेतले पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार देशात दरवर्षी विजेच्या धक्क्याने दहा हजारांहून अधिक माणसे मरतात. पत्र्याच्या घरात, ओल्या भिंतीत, अर्थिंग नसलेल्या कूलरजवळ मरणारी माणसे कोणत्या वस्तीतली असतात हे वेगळे सांगायला नको. परवाना हा विषय एकट्या ठेकेदाराच्या धंद्याचा नाही.

तीन पायऱ्या

महाराष्ट्रात हे परवाने ऊर्जा विभागाच्या अखत्यारीतील अनुज्ञापक मंडळ देते. मुख्य विद्युत निरीक्षकांचे कार्यालय मुंबईत चेंबूरला आहे आणि विद्युत निरीक्षकांची कार्यालये जिल्ह्यांमध्ये आहेत. लोक अजूनही याला ‘पीडब्ल्यूडी लायसन्स’ आणि ‘पीडब्ल्यूडीची परीक्षा’ म्हणतात. नाव जुन्या काळचे आहे, पण त्यामुळे गोंधळ होतो, कारण सार्वजनिक बांधकाम खात्याकडे ठेकेदार म्हणून होणारी नोंदणी ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

पहिली पायरी वायरमनच्या परवान्याची. सरकारी कागदावर याला तारतंत्री म्हणतात. ज्याने आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्री हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे, त्याला परीक्षा न देता अर्ज करण्याची सोय आहे. ज्याने आयटीआय केलेले नाही, पण परवानाधारक ठेकेदाराकडे काम केले आहे, त्याच्यासाठी मंडळाची परीक्षा आहे. लेखी, तोंडी आणि हाताने काम करून दाखवणे, या सगळ्याची तयारी लागते. हाताच्या कामात आपली मुले कमी पडत नाहीत. अडखळतात ती वायरच्या आकाराचा हिशेब, अर्थिंग आणि नियमांच्या प्रश्नांत.

दुसरी पायरी पर्यवेक्षकाच्या सक्षमता प्रमाणपत्राची. विद्युत अभियांत्रिकीची पदविका किंवा पदवी असलेल्यांना ठरावीक अनुभवानंतर परीक्षेतून सूट मिळते. वायरमनचा परवाना घेऊन अनुभव मिळवलेल्यांना परीक्षेचा मार्ग खुला आहे. आमच्या मते ही तिन्हींतली सगळ्यात मोलाची पायरी आहे, आणि सगळ्यात दुर्लक्षित. वायरमनचा परवाना मिळाला की घरचे पेढे वाटतात आणि मुलगा तिथेच थांबतो. पर्यवेक्षकाच्या प्रमाणपत्राने मात्र त्याची बाजारातली किंमत बदलते, कारण प्रत्येक ठेकेदाराला पर्यवेक्षक दाखवावाच लागतो.

तिसरी पायरी ठेकेदाराच्या परवान्याची. तो माणसाच्या कसबापेक्षा त्याच्या व्यवस्थेला दिलेला परवाना असतो. धंद्याची जागा आहे का, पर्यवेक्षक आणि वायरमन कामावर आहेत का, तपासणीची उपकरणे स्वतःची आहेत का, हे त्यात पाहिले जाते. जागेचा पुरावा, उपकरणांच्या खरेदीच्या पावत्या, पर्यवेक्षक आणि वायरमन यांचे परवाने व त्यांची संमती, पॅन, फोटो असा कागदांचा संच साधारणपणे लागतो. अर्ज आता ऑनलाइन भरायचे असतात. स्वतःकडेच पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र असेल तर पगारी पर्यवेक्षक शोधावा लागत नाही, आणि लहान ठेकेदाराचे गणित इथेच जमते किंवा बिघडते.

खरी कडी : अनुभवाचा दाखला

वर ‘परवानाधारक ठेकेदाराकडे काम केले आहे’ असे शब्द आले. गाडी अडते ती या शब्दांवर.

आपला मुलगा सोळाव्या वर्षी कोणाच्या तरी मागे शिडी धरायला जातो. पंचविशीपर्यंत त्याने शेकडो घरे केलेली असतात. पण ज्याच्याकडे केली तो बिनपरवान्याचा मिस्त्री असतो, किंवा परवानाधारक असला तरी त्याच्या हजेरीपटावर या मुलाचे नाव नसते. मजुरी रोख. बँकेत नोंद नाही. नऊ वर्षांचा अनुभव आणि कागदावर एक दिवसही नाही. दाखला मागायला गेला की शेठ म्हणतो, ‘बघू, पुढच्या महिन्यात ये.’ पुढचा महिना येत नाही. शेठच्या बाजूने पाहिले तर ते उघड आहे. तुमचा परवाना झाला की त्याचा चांगला हात जातो आणि उद्याचा स्पर्धक तयार होतो.

समाजशास्त्रात आम्ही सामाजिक भांडवल हा शब्द शिकलो. इथे तो अगदी साध्या रूपात दिसतो. ज्याचा काका परवानाधारक ठेकेदार आहे त्याला कॉलेज करता करता अनुभवाचा दाखला मिळतो, कधी कधी कामावर न जातासुद्धा. ज्याचा काका नाक्यावरचा बिगारी आहे, त्याला खरा अनुभव असूनही मिळत नाही. नियमात जात कुठेच लिहिलेली नाही. पण दाखला देणारे हात कोणाचे, हा प्रश्न उरतोच.

म्हणून कामाला लागणाऱ्या प्रत्येक मुलाला आमचे पहिले सांगणे असते, की पहिल्या दिवसापासून नोंद ठेव. शक्यतो परवानाधारकाकडेच लाग, मजुरी पन्नास रुपये कमी मिळाली तरी. त्याचा परवाना क्रमांक लिहून ठेव. मजुरी खात्यावर घे. यूपीआयने आली तरी ती नोंदच असते. दर वर्षाच्या शेवटी दाखला माग, काम सोडताना नको. सोडून जाणाऱ्याला कोणी आनंदाने सही देत नाही. दाखल्यावर ठेकेदाराचा परवाना क्रमांक, कामाचा काळ तारखांसह आणि कामाचे स्वरूप लिहिलेले असावे. ‘सदर मुलगा आमच्याकडे काम करत होता व त्याची वर्तणूक चांगली होती’ एवढ्याने काही होत नाही.

दुसरी नोंद इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेला १८ ते ६० वयाचा वायरमन तिथे नोंदणी करू शकतो. गवंडी आणि सेंट्रिंगवाल्यांपुरतीच ती आहे असा समज आहे, तो चुकीचा. मुलांच्या शिक्षणासाठीचे साहाय्य आणि अपघातानंतरची मदत त्या नोंदणीवर मिळते. अनुज्ञापक मंडळ तिला अनुभवाचा दाखला मानत नाही, पण कामाचा आणखी एक सरकारी कागद हाती राहतो.

आयटीआय झालेल्यांनी शिकाऊ उमेदवारी सोडू नये. वर्षभर विद्यावेतनावर राहायचे आणि मित्र बाहेर रोजचे सातशे कमावतात, हे पाहून अनेक जण ती अर्धवट टाकतात. घरची ओढाताण आम्ही पाहतो, त्यामुळे हा सल्ला देणे सोपे नाही. तरी त्या एका वर्षाचे प्रमाणपत्र पुढे दहा ठिकाणी उपयोगी पडते.

भाड्याने दिलेली सही

या धंद्यात एक उघड गुपित आहे. काही परवानाधारक जागेवर न जाताच चाचणी अहवालावर सही-शिक्का करून देतात आणि त्याचे पैसे घेतात. काही पर्यवेक्षक आपले प्रमाणपत्र वर्षाच्या बोलीवर ठेकेदाराला ‘वापरायला’ देतात. आपल्या पदविकाधारक मुलांकडेही असे प्रस्ताव येतात. घरबसल्या पैसे मिळतात, काम काहीच नाही, असे सांगितले जाते.

चाचणी अहवाल म्हणजे काय ते आधी पाहू. नवीन वीजजोडणीच्या अर्जासोबत ठेकेदाराने लिहून द्यायचे असते की, मांडणी तपासली आहे आणि ती सुरक्षित आहे. ५०० व्होल्टचा मेगर लावून तारांचा आणि जमिनीचा इन्सुलेशन रोध मोजायचा, तो किमान एक मेगओम हवा. अर्थिंगचा रोध मोजायचा. स्विच फेजवर आहे की न्यूट्रलवर, हे पाहायचे. तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी बटण दाबल्यावर पडतो का, हे बघायचे. दोन खोल्यांच्या घराला हे सगळे मिळून फार तर तास लागतो. तो तास वाचवून सही विकली जाते.

आता अपघात झाला असे समजा. वीज अधिनियमाच्या कलम १६१ प्रमाणे अपघाताची सूचना द्यावी लागते आणि विद्युत निरीक्षक चौकशी करतो. चौकशीत पहिला कागद निघतो तो चाचणी अहवाल. त्यावर सही ज्याची, प्रश्न त्याला. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या दंड संहितेत ती दोन वर्षे होती. ज्या मुलाने कधी ते घर पाहिलेही नाही, त्याचे प्रमाणपत्र आणि त्याचे आयुष्य दोन्ही पणाला लागते. शिवाय एकाच्या नावावर प्रमाणपत्र अडकलेले असेपर्यंत त्याला स्वतःचा परवाना काढताना अडचण येते, हे भाड्याने देताना कोणी सांगत नाही.

उलट बाजूने, हाच चाचणी अहवाल गरिबाला कसा महाग पडतो तेही पाहण्यासारखे आहे. महावितरणने १४ एप्रिल २०२१ पासून अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवनप्रकाश योजना राबवली. पाचशे रुपये अनामत, तीही पाच हप्त्यांत भरण्याची सोय. योजना चांगली होती. पण अर्जासोबत शासनमान्य ठेकेदाराचा चाचणी अहवाल हवाच होता. जिथे परवानाधारक तालुक्याला एखाद-दुसरा, तिथे त्या सहीचा भाव कोण ठरवणार? अनामत शंभराच्या हप्त्यात भरणाऱ्या बाईला सहीचे पैसे मात्र रोख आणि एकरकमी द्यावे लागतात. वस्तीतच आपला एक परवानाधारक असता तर, असे अशा वेळी वाटते.

खर्चाचा हिशेब

परीक्षेची, परवान्याची आणि नूतनीकरणाची शासकीय फी शासन ठरवते आणि वेळोवेळी बदलते. ती ऑनलाइन भरताना पडद्यावर दिसते. एजंट ‘पॅकेज’ सांगतो तेव्हा त्यात फी किती आणि त्याचा वाटा किती, हे वेगवेगळे लिहून मागावे. बहुतेक वेळा हा प्रश्न विचारताच पॅकेज स्वस्त होते.

फीपेक्षा मोठा खर्च उपकरणांचा. हाताने फिरवायचा साधा मेगर, अर्थ टेस्टर आणि क्लॅम्प मीटर एवढे घ्यायचे म्हटले तरी पंधरा-वीस हजारांची तयारी ठेवावी. नामांकित बनावटीचे घेतले तर आकडा वर जातो. पावत्या स्वतःच्या किंवा फर्मच्या नावाने घ्याव्यात, नाहीतर अर्जाला उपयोग नाही. ड्रिल, झिऱ्या पाडायचे यंत्र, शिडी, रबरी हातमोजे हे वेगळे. हातमोज्यांवर पैसे वाचवणारे आम्ही खूप पाहिले आहेत. तो खर्च शेवटी नाही, सुरुवातीला करायचा असतो.

आता कामाचा भाव. आपल्याकडे मजुरी ‘पॉइंट’वर ठरते. समजा एका लहान घरात २५ पॉइंट आहेत आणि पॉइंटला २५० रुपये मजुरी ठरली. एकूण ६,२५० रुपये. चार दिवस काम चालले, वायरमनची रोजी ७०० आणि हेल्परची ५०० धरली, तर ४,८०० तिथेच गेले. गाडीचे पेट्रोल, ब्लेड, खिळे, चहा मिळून ५०० धरा. हातात ९५० राहिले. त्यातून चाचणीचा तास, उपकरणांची झीज, परवान्याचे नूतनीकरण, फोन आणि बुडालेल्या उधारीची भरपाई करायची. हे आकडे हिशेब समजण्यासाठी घेतले आहेत, गावागणिक ते बदलतात. पण मांडणी हीच असते. जो पॉइंटला १८० रुपये सांगतो तो एकतर हेल्परला कमी देतो, नाहीतर चाचणी करत नाही, नाहीतर मालात हात मारतो. चौथी वाट आम्हाला तरी दिसलेली नाही.

म्हणून भाव सांगताना मजुरी, माल आणि चाचणी-अहवाल या तीन ओळी वेगळ्या लिहून द्याव्यात. ग्राहकाला दिसते की चाचणी हे काम आहे, उपकार नाही. आयएस ६९४ मार्काची वायर, दिव्यांच्या सर्किटला दीड चौरस मिलिमीटर आणि गीझरसारख्या मोठ्या बोर्डाला चार चौरस मिलिमीटर, हे कोटेशनमध्येच लिहिले की ‘तो दुसरा स्वस्तात करतो’ या वाक्याला उत्तर तयार असते.

धंदा वाढला की कर येतो. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. ठेका देणारी कंपनी किंवा संस्था बिलातून उगमकर कापते, एकट्या मालकाच्या धंद्याला साधारणपणे १ टक्का. सरकारी काम अडीच लाखांवरचे असेल तर जीएसटीपोटी आणखी २ टक्के कापले जातात. ही रक्कम बुडत नाही, विवरणपत्र भरले की परत मिळते किंवा वळती होते. पण विवरणपत्रच न भरल्यामुळे आपले पैसे सरकारकडे सोडून देणारे अनेक आहेत.

महावितरणच्या कामात एक प्रकार समजून घेण्यासारखा आहे. नवीन इमारतीसाठी किंवा कारखान्यासाठी लाइन, ट्रान्सफॉर्मर अशी उभारणी लागते तेव्हा ग्राहक ती परवानाधारक ठेकेदाराकडून स्वतः करून घेऊ शकतो, आणि महावितरण १.३ टक्के देखरेख आकार घेते. लहान ठेकेदाराला मोठे व्हायचे असेल तर वाट इथून जाते. मात्र १५ मीटरपेक्षा उंच इमारत किंवा उच्चदाबाची मांडणी असेल तर वीजपुरवठा सुरू होण्याआधी विद्युत निरीक्षकाची तपासणी आणि मान्यता लागते, आणि नकाशांपासून सगळे कागद नीट लागतात. घरगुती वायरिंगवरून एकदम तिथे उडी मारू नये.

परवाना आणि नोंदणी

परवाना मिळाला म्हणजे सरकारी टेंडर भरता येते असे नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाची विद्युत शाखा, महापालिका, जिल्हा परिषद, महावितरण यांची ठेकेदार नोंदणी स्वतंत्र असते. किती रकमेपर्यंतचे काम घेता येईल याचे वर्ग असतात, पूर्वीच्या कामांचे दाखले लागतात, बयाणा आणि सुरक्षा ठेव भरावी लागते. आणि बिल वेळेवर निघेल याची खात्री नसते. २०२५ मध्ये राज्यभरच्या ठेकेदारांनी थकलेल्या बिलांसाठी आंदोलने केली, त्यात मोठमोठे होते. ज्याच्याकडे सहा महिने मजुरांचा पगार स्वतःच्या खिशातून देण्याची ताकद नाही, त्याने पहिल्याच वर्षी सरकारी कामाच्या मागे लागू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. खासगी घरे, दुकाने, शाळा, छोटे कारखाने आणि त्यांची देखभाल यावर आधी पाय रोवावेत. घरांच्या छतावर सौरसंच बसवण्याचे कामही पीएम सूर्यघर योजना २०२४ मध्ये आल्यापासून वाढले आहे, त्यात वायरमनला मागणी आहे.

भांडवलासाठी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुसूचित जातींच्या अर्जदाराला स्वतःचा वाटा ५ टक्के आणि अनुदान शहरात २५, ग्रामीण भागात ३५ टक्के आहे. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या अनुदान आणि बीजभांडवल योजना अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीच आहेत. दोन्हीकडे बँक हा अडथळा असतो, आणि बँकेसमोर परवान्याचा कागद बोलतो. पीएम विश्वकर्मा योजनेत अर्ज भरून परत आलेले वायरमन आम्हाला भेटतात. त्या योजनेत अठरा व्यवसाय आहेत, सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, न्हावी वगैरे. वायरमन त्यांत नाही.

ते एका अर्थी बरेच आहे. वीज आपल्या गावगाड्यात नव्हती, त्यामुळे हा धंदा कोणत्याही जातीच्या नावावर लिहिलेला नव्हता. १९४२ ते १९४६ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते तेव्हा वीज हा विषयही त्यांच्याकडे होता, आणि केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ १९४४ मध्ये त्याच काळात उभे राहिले. या धंद्यात वंशपरंपरेचा मालक कोणी नव्हता. तरीही पंचवीस-तीस वर्षांत मालक कोण आणि मिस्त्री कोण हे ठरत गेले, ते मुख्यतः दाखल्यांच्या आणि सह्यांच्या जोरावर.

मंडळांसाठी आणि घर बांधणाऱ्यांसाठी

१४ एप्रिलच्या मंडपाला महावितरण तात्पुरती जोडणी देते. तिच्यासाठीही परवानाधारकाकडून मांडणी करून घ्यावी लागते. आकडा टाकणे ही कलम १३५ खाली वीजचोरी आहे, पण त्याहून मोठा धोका म्हणजे आकड्याच्या लाइनवर ना फ्यूज असतो ना आरसीसीबी. लोखंडी मंडप, ओली जमीन आणि लहान मुले, अशा ठिकाणी तो नकोच. मिरवणुकीतील रथाची आणि ध्वनियंत्रणेच्या गाडीची उंची मार्गावरच्या तारांच्या हिशेबाने आधीच मोजून घ्यावी. मंडळाने वर्गणीच्या हिशेबात विजेसाठी स्वतंत्र ओळ ठेवावी आणि शक्य असेल तर ते काम वस्तीतल्याच परवानाधारक मुलाला रीतसर बिलावर द्यावे. त्या बिलांवर पुढे त्याचा कामाचा दाखला तयार होतो.

रमाई घरकुल किंवा स्वतःचे घर बांधणाऱ्यांनी वायरिंग देताना परवाना क्रमांक विचारावा, परवान्याची मुदत संपली नाही ना ते पाहावे आणि चाचणी आपल्यासमोर करायला सांगावी. मेगरचा काटा किंवा आकडा कुठे थांबतो ते बघायला इंजिनिअर असावे लागत नाही. अहवालाची एक प्रत घरी ठेवावी.

ज्यांचे अर्ज अडकले आहेत त्यांच्यासाठी शेवटची गोष्ट. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा आपला हक्क आहे. आपण मागितलेली सेवा त्या यादीत आहे का आणि तिची मुदत किती, हे कार्यालयातल्या फलकावर आणि ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर पाहावे. मुदत उलटली तर त्याच विभागातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील, मग दुसरे, आणि त्यानंतर सेवा हक्क आयोग. त्यासाठी अर्जाचा क्रमांक लागतो. अर्ज एजंटाने त्याच्या मोबाइल नंबरवरून भरला असेल तर तो क्रमांक आणि पासवर्ड आजच त्याच्याकडून मागून घ्यावा, कारण नूतनीकरणाचा संदेशही त्याच नंबरवर येणार असतो.